सात ते चार : संक्रांतीची ठिपक्यांची रांगोळी आणि आपला वारसा



या शताब्दी सोहळ्यात बोलायला आम्हाला बोलावले, याबद्दल मंडळाचे आभार. बोलायला एकटी उभी असली तरी सांगायचे आहे ते आम्हा सगळ्यांचे, म्हणून 'आम्ही' असेच म्हणते. सिडनीच्या वायव्येला स्कोफिल्ड्स नावाचे उपनगर आहे. ही मुळात दारुग लोकांची भूमी. त्यांना आणि त्यांच्या पूर्वजांना प्रथम वंदन. या स्कोफिल्ड्समध्ये आणि शेजारच्या निरिंबा फील्ड्स, क्वेकर्स हिल, मार्सडन पार्क या वस्त्यांत राहणाऱ्या आम्ही काही बायका. कोणी मॉरिशसमध्ये जन्मलेल्या, कोणी रत्नागिरी-साताऱ्याकडून थेट इथे आलेल्या. आमच्यातल्या दोघी-तिघी प्राथमिक शिक्षिका. दर वर्षी संक्रांतीच्या आधी आम्ही मुलांना जमवतो आणि ठिपक्यांची रांगोळी शिकवतो. आज त्याच रांगोळीबद्दल चार शब्द सांगणार आहोत.

सकाळपासून इथे जहाजांची, करारांची, उसाच्या मळ्यांची भाषणे झाली. त्यानंतर रांगोळी म्हणजे जेवणानंतरची बडीशेप, असे कोणाला वाटेल. पण थोडे ऐकून घ्या.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज 'ॲटलस' २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ३६ माणसे घेऊन पोर्ट लुईला लागले. मुंबईचा रस्ता त्यानंतर खुला झाला आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूची माणसे त्या वाटेने गेली. कोणाच्या घराण्याची शंभर वर्षे भरली, कोणाची केव्हाच उलटून गेली. ज्या घाटावर ही माणसे उतरली, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्या नोंदींत माणसाचा क्रमांक आहे, नाव आहे, बापाचे नाव आहे, वय, उंची, जात, गाव आहे. पुढे पुढे छायाचित्रही आहे. आपल्यातल्या कित्येकांनी तिथूनच आपले मूळ गाव शोधून काढले.

त्या वहीत एक रकाना मात्र नाही. बाईला काय येते, हा रकाना नाही. ओवी येते का, गोधडी शिवता येते का, किती ठिपक्यांची रांगोळी येते, हे कोणी विचारले नाही. कारखानदाराला ते नको होते. त्यामुळे आईच्या बाजूने आपल्याकडे जे आले, त्याचा कागद कुठल्याच दप्तरात मिळत नाही. ते हातात असते आणि हात गेला की जाते. म्हणून आज, शताब्दीच्या दिवशी, रांगोळीबद्दल बोलायचे.

आता मुलांसाठी आधी सांगतो, ठिपक्यांची रांगोळी म्हणजे काय.

रांगोळीचे प्रकार अनेक. चैत्रात काढतात ते चैत्रांगण. त्यात झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, गोपद्म, कासव अशी चिन्हे हाताने मांडतात, त्याला ठिपके लागत नाहीत. गालिच्यासारखी रंग भरून काढतात ती निराळी. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी जमिनीवर ठरलेल्या संख्येचे ठिपके ठरलेल्या अंतराने मांडायचे आणि मग ते रेघांनी जोडायचे. ठिपके मांडण्याच्या दोन रीती आहेत. एक सरळ, म्हणजे ठिपक्याखाली ठिपका. सात ठिपके, सात ओळी, झाले ४९. दुसरी मधल्या ठिपक्यांची, म्हणजे वरच्या ओळीतला ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये यायला हवा. यात मधली ओळ सर्वांत मोठी आणि दोन्हीकडे एकेक ठिपका कमी होत जातो. ही रांगोळी सांगायची कशी? 'सात ते चार.' एवढेच. मधली ओळ सातची, वर सहा, पाच, चार आणि खालीही सहा, पाच, चार. एकूण ठिपके ३७. 'अकरा ते सहा' म्हटले की ९१. 'पंधरा ते आठ' म्हटले की १६९.

बालमित्रांनो, यात एक गंमत आहे. मधली ओळ किती ते कळले की शेवटची ओळ विचारायला लागत नाही. एक मिळवा आणि निम्मे करा. सातात एक मिळवला आठ, निम्मे चार. अकरात एक मिळवला बारा, निम्मे सहा. म्हणजे सगळी रांगोळी एका आकड्यात मावते. अशी मांडणी केली की षटकोन तयार होतो आणि त्याच्या सहाही बाजूंवर सारखेच ठिपके येतात. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई हा हिशेब ओटीवर बसून करत होती.

पावडर कसली वापरत? घाटावर शिरगोळ्याची, म्हणजे एका मऊ पांढऱ्या दगडाची पूड. कोकणात भाताचे तूस जाळून त्याची पांढरी राख वापरत. जमीन शेणाने सारवलेली, कडेला गेरूचे बोट. चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरायची, मधल्या बोटाने आधार द्यायचा आणि पूड सोडत जायची. हात जमिनीला लागता कामा नये. ज्यांना अंतर साधत नाही त्यांच्यासाठी ठिपक्यांचा कागद असतो. जाड कागदावर मोजून खुणा करायच्या, पेटत्या उदबत्तीने भोके पाडायची, कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवायची. कागद उचलला की खाली ठिपके तयार. हा कागद आम्ही आजही करतो, वर्तमानपत्राचा नाही, कॅलेंडरच्या पानाचा. तो दोन-तीन वर्षे टिकतो.

स्कोफिल्ड्समध्ये आम्ही कसे शिकवतो, तेही सांगतो, म्हणजे घरी कोणाला करायचे असेल तर उपयोगी पडेल.

संक्रांत इथे उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. शाळा जानेवारीच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मुले मोकळी असतात. पण ऊन फार. पश्चिम सिडनीत जानेवारीत पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो. आम्ही साडेसहाला जमतो आणि नऊच्या आत आटोपतो. कोणाच्या तरी मोटार ठेवायच्या जागेपुढचे काँक्रीट हेच आमचे अंगण. ते झाडून, पाणी मारून, वाळू द्यायचे. इथले काँक्रीट खरखरीत असते, घसरू नये म्हणून त्यावर झाडूच्या काड्यांसारख्या रेघा ठेवलेल्या असतात. त्या रेघांत बारीक पूड जाऊन बसते आणि ओळ फिसकटते. म्हणून पहिल्या दिवशी खडू. खडूने ठिपके, खडूनेच रेघा. दुसऱ्या दिवशी चिमूट. लहान हातांना बारीक पूड धरता येत नाही, त्यांना थोडी जाडसर द्यावी.

अंतर बोटांनी मोजायचे, दोन बोटे किंवा तीन बोटे. पट्टी वापरू देत नाही. पट्टीने ठिपके बरोबर येतात, पण मुलाची नजर तयार होत नाही. मधली ओळ आधी, तीही मध्यापासून दोन्हीकडे. मग वरची, मग खालची. ठिपके टाकताना मोठ्याने मोजायचे आणि मराठीतच मोजायचे. ही आमची एकमेव सक्ती आहे. आमच्या वर्गातली बहुतेक मुले घरी इंग्रजी बोलतात. मॉरिशसच्या घरांतली काही क्रिओल बोलतात. मराठी वाक्य त्यांच्याकडून निघत नाही. पण सदतीस ठिपके टाकायचे म्हणजे एक ते सात अनेकदा म्हणावे लागते. चार रांगोळ्या झाल्या की आकडे तोंडात बसतात. मग 'वर', 'खाली', 'मध्ये', 'सरळ', 'तिरके', 'जोड', 'पूस' हे शब्द आपोआप येतात. पाठ्यपुस्तकाचे दोन धडे इतक्यात होतात आणि कोणी जांभई देत नाही.

आमच्या मुलांनी एकदा विचारले, शाळेत आम्हाला आदिवासी चित्रकारांची ठिपक्यांची चित्रे दाखवतात, ही तीच का? प्रश्न चांगला आहे, म्हणून इथे उत्तर देतो. ती चित्रे मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशातली. १९७१ मध्ये पापुन्या येथे तिथल्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे चित्र काढले, तिथून ती चळवळ जगभर पसरली. त्या ठिपक्यांमागे त्यांच्या भूमीच्या कथा आहेत आणि त्या त्यांच्याच आहेत, आपण त्यांची नक्कल करायची नाही. आपल्या रांगोळीत ठिपका हा खुंटा आहे. रेघ बांधण्यापुरता तो असतो, काम झाले की रेघेखाली जातो. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवावा.

आपल्या जवळची नातेवाईक कोणती, तर शेजारच्या घरातली. संक्रांतीला स्कोफिल्ड्सच्या एकाच रस्त्यावर तमिळ घरापुढे पोंगलचे कोलम असते, तेलुगू घरापुढे मुग्गू असते आणि आमची रांगोळी असते. तमिळ बायकांच्या एका प्रकारात रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याच्याभोवती वळसे घेत जाते आणि एकही टोक सुटे न ठेवता स्वतःला येऊन मिळते. आपण ठिपक्यातून जातो, त्या ठिपक्याला वळसा घालतात. चेन्नईच्या गिफ्ट सिरोमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या कोलमचे नियम संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले. म्हणजे ज्याला आपण बायकांचा विरंगुळा म्हणतो, त्यातले व्याकरण विद्यापीठात अभ्यासाला गेले. फिजीहून आलेली कुटुंबेही आमच्याकडे पुष्कळ आहेत. १८७९ पासून त्यांचे पूर्वज तिकडे गेले आणि 'गिरमिट' हा शब्द त्यांनी अजून जपला आहे. त्यांच्या मुली आमच्या वर्गात येऊन बसतात. सात ते चार समजायला त्यांना मराठी लागत नाही.

आता ऋतूबद्दल. दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच, की इथे कसली सुगी आणि कसली संक्रांत?

महाराष्ट्रात संक्रांतीच्या वेळी थंडी असते. भात घरात आलेला असतो, हरभरा घाट्यावर, गहू ओंबीवर, ऊस तोडणीला. सुगडात ऊस, बोरे, हरभरे, ओंब्या, तीळ घालायचे ते त्यामुळेच, त्या दिवसांत शेतात जे असते ते. आणि दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो. इथे सगळे उलटे. न्यू साउथ वेल्समध्ये गव्हाची कापणी डिसेंबरपर्यंत आटोपते. इथला सर्वांत मोठा दिवस २२ डिसेंबरच्या आसपास होऊन जातो आणि संक्रांतीला दिवस तिळातिळाने लहान होत असतो. तिळगूळ हातात घेतला की पाक सुटतो.

पण हा प्रश्न स्कोफिल्ड्समध्ये पहिल्यांदा उभा राहिलेला नाही. मॉरिशसही दक्षिण गोलार्धातच आहे. तिथे ऊसतोडणी जूनच्या सुमारास सुरू होते आणि वर्ष संपता संपता आटोपते. जानेवारी म्हणजे वादळांचा महिना. आपल्या पणज्यांनी बोटीतून उतरून पहिली संक्रांत पाहिली तेव्हाच त्यांचा सूर्य उलट्या वाटेने निघालेला होता. तारखेचे म्हणाल, तर तीही तेव्हा चौदाची नव्हती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. सुमारे सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे ऋतू बदलला, तारीख बदलली, जमीन बदलली, शेणाची जागा काँक्रीटने घेतली, तुसाच्या राखेची जागा दुकानातल्या पाकिटाने घेतली. सात ते चार मात्र सदतीसच राहिले. तो आकडा कोणत्या जमिनीवर, कोणत्या ऋतूत मांडला याने त्यात फरक पडत नाही. आमच्या रांगोळीवरच्या भाषणाचा सारा मुद्दा एवढाच आहे.

तो मुद्दा आम्हाला कसा उमगला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरी संक्रांतीचे हळदीकुंकू होते. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या एक आजी आमच्यात आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची मराठी अडखळते. दोन वाक्ये मराठी, तिसरे क्रिओल, असे चालते. त्यांनी दारात रांगोळी काढली होती. चार कोपऱ्यांत उसाची चार कांडे आणि हळदीचा पिवळा रंग. पुण्याहून नव्याने आलेल्या एक ताई होत्या. स्वभावाने चांगल्या, पण सहज बोलून गेल्या, "आजी, ही आपली पद्धत नाही हो. आपल्याकडे असं नसतं."

'आपल्याकडे' हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. तुमची मराठी वेगळी, तुमचे आडनाव वेगळे लिहिलेले, तुमचा गणपती वेगळा. बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, पण चार पिढ्या जे धरून ठेवले ते एका वाक्यात परके होऊन जाते. घरात शांतता झाली. आजींनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "सात ते चार आहे. मोज."

ताई वाकून मोजू लागल्या. चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. मग त्या खालीच बसल्या. त्यांच्या साताऱ्याच्या आजीने त्यांना हीच मांडणी शिकवली होती, फक्त फूल वेगळे जोडायची. "द्या इकडे थोडी," म्हणून त्यांनी वाटी मागितली आणि त्याच ठिपक्यांवर शेजारी दुसरे फूल काढून दाखवले. आजींनी ते निरखून पाहिले आणि म्हणाल्या, हे आमच्या आईला यायचे, आम्ही विसरलो होतो. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दोघी एकत्र शिकवतात. आजी बाकी सगळे क्रिओलमध्ये बोलल्या तरी ठिपके मराठीतच मोजतात. त्यांना दुसऱ्या भाषेत मोजताच येत नाही.

आजींनी काढलेल्या उसाबद्दलही बोलले पाहिजे. ताईंना तो खटकला, पण सुगडात उसाचे कांडे असतेच. महाराष्ट्रातल्या घरात ते सुगीचे म्हणून घालतात. आपल्या घरात त्याला आणखी एक अर्थ आहे. ज्या उसाने पाठी मोडल्या, तोच ऊस हळदकुंकू लावून आपण देवापुढे ठेवतो. या देशातही उसाचा इतिहास तसाच आहे. १८६३ पासून पुढची चाळीस वर्षे क्वीन्सलँडच्या मळ्यांत प्रशांत महासागरातल्या बेटांवरची हजारो माणसे राबली. काही फसवून आणलेली, काही पळवून. त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे १९०१ च्या कायद्याने परत पाठवण्यात आले, काहींचे वंशज अजून इथे आहेत. बाजारातून आणलेले कांडे सुगडात ठेवताना मुलांना आम्ही हे दोन वाक्यांत सांगतो. सणाच्या दिवशी दुःख कशाला, असे काही पालक म्हणतात. आम्हाला वाटते, दोन वाक्ये चालतात. मग तिळगूळ द्यायचाच आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. भारतातून येताना सुगडासाठी ओंब्या, बोरे, हरभऱ्याचे घाटे आणू नका. ताजी फळे, बिया, धान्य हे सारे विमानतळावर जाहीर करावे लागते आणि बहुधा काढून घेतले जाते. इथे मिळतात ते वाटाणे, गाजर, तीळ आणि ऊस पुरेत. तांदळाच्या पिठाची रांगोळी घातली तर मुंग्या येतील, मॅगपाय येतील, पांढरे काकाकुवे येतील. येऊ द्या, दारातल्या पिठावर त्यांचाही हक्क आहे. रंगाची रांगोळी मात्र पाण्याने वाहवू नका. रस्त्यावरच्या नाल्यातले पाणी थेट ओढ्यात जाते. आमच्याकडचे ईस्टर्न क्रीकमध्ये जाते. आधी सुपलीत झाडून भरायची, मग धुवायचे. आणि भाड्याच्या घरात असाल तर हळद आणि गडद रंग काँक्रीटवर टाकू नका. डाग राहतात आणि मग घरमालकाचे पत्र येते.

झाडून भरायची, असे म्हटले. रांगोळीची गोष्ट हीच आहे. ती टिकवायला काढत नाहीत. सकाळी काढली, संध्याकाळी पुसट झाली, दुसऱ्या दिवशी सडा घातला की गेली. ज्या घरात ती रोज काढली जाते, तिथे पुसण्याचे भय नसते, उद्या परत निघणार असते. पण जिथे ती वर्षातून एकदा निघते, आणि तीही एकाच म्हाताऱ्या हाताने, तिथे प्रत्येक पुसणे शेवटचे असू शकते. आपल्या मंडळात आज ऐंशी-पंचाऐंशीच्या किती आजी आहेत, हे तुम्हीच पाहा. दर वर्षी दोन-तीन खुर्च्या रिकाम्या होतात. त्यांच्याबरोबर मांडण्या जातात.

बाजारात आता साचे मिळतात. तयार चिकटपट्ट्या मिळतात, दारात चिकटवल्या की झाले. कामावरून थकून आलेल्या सुनेने ती चिकटवली तर आम्ही तिला नावे ठेवणार नाही, सण साजरा झाला हे बरेच. पण चिकटपट्टीत मोजावे लागत नाही. मोजले नाही की आकडा लक्षात राहत नाही आणि आकडा गेला की रांगोळी परत काढता येत नाही, फक्त परत विकत आणता येते. आपले पूर्वज काही विकत आणण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांच्याजवळ जे राहिले ते डोक्यात मावेल एवढेच राहिले.

म्हणून मंडळाला आमची एक विनंती आहे आणि तीसाठीच आम्ही इतक्या लांबून आलो. या शताब्दीच्या वर्षात प्रत्येक घराने एक वही करावी. चौकटीची वही नको, कोरी. आपल्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसावे. तिला येणाऱ्या रांगोळ्या तिच्याच हाताने ठिपके टाकून घ्याव्यात. हात थरथरत असेल तर तिने सांगावे आणि नातवंडाने टाकावेत. प्रत्येक रांगोळीखाली तीन गोष्टी लिहाव्यात. ठिपके किती ते किती. कोणत्या सणाला काढत. कोणाकडून शिकली, त्या बाईचे नाव आणि गाव. नाव म्हणजे तिचे स्वतःचे नाव, अमक्याची आई एवढेच नको. तिला मराठीत सांगता आले तर मराठीत, नाही तर क्रिओलमध्ये, इंग्रजीत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. आकडा मात्र मराठीत लिहून ठेवा. वही घरात राहू द्या आणि तिची एक प्रत मंडळाच्या दप्तरात द्या.

नोंदवहीतला जो रकाना त्या काळी कोणी आखला नाही, तो आपण आखू शकतो. अजून सांगणारे आहेत तोवरच.

शेवटी बालमित्रांसाठी. बाहेर मंडपाजवळ आम्ही जमीन झाडून ठेवली आहे. दोन वाट्या रांगोळी आहे, खडू आहेत, ठिपक्यांचा कागदही आहे, पण तो शक्यतो मागू नका. जेवणाआधी सगळ्यांनी यायचे आहे. मोठ्यांनीही यावे, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून मोजायला यावे. आज अकरा ते सहा काढायची आहे. किती ठिपके लागतील, ते मघाशी सांगितले आहे. ज्याच्या लक्षात असेल त्याला पहिला ठिपका.

तिळगूळ घ्या, गोड बोला.